‘नीट बोल’ म्हणजे नेमकं काय?

रोम शहरातल्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी एक बालगृह सुरू झालं. आईबाप दिवसभर कामावर आणि मागे जिन्यांत, अंगणात हुंदडणारी लहान मुलं. त्यांना कुणीतरी सांभाळावं म्हणून काढलेली ही जागा डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपवली होती. एके दिवशी त्यांनी या मुलांना नाक कसं पुसायचं याचा पाठ दिला. रुमाल कसा काढायचा, कसा धरायचा, आवाज न करता, शेजारच्याच्या लक्षातही न येता नाक कसं शिंकरायचं, हे त्यांनी जरा गमतीच्या सुरातच करून दाखवलं. मुलं मात्र हसली नाहीत. एकटक बघत राहिली आणि पाठ संपल्यावर त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

माँटेसरींनी यावर विचार केला तेव्हा त्यांना जाणवलं की नाकावरून ही मुलं रोज बोलणी खात होती. मोठी माणसं त्यांना हिणवत होती, रागावत होती, रुमाल हरवू नये म्हणून तो कपड्याला टाचून देत होती. नाक पुसायचं कसं हे शांतपणे, अपमान न करता दाखवणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

आता नाकाच्या जागी जीभ ठेवून बघा. ‘नीट बोल.’ ‘मोठ्यांशी असं बोलतात का?’ ‘जीभ फार चुरूचुरू चालायला लागलीये हं तुझी!’ मराठी घरांत दिवसातून एकदा तरी उच्चारली जाणारी ही वाक्यं. ती ऐकून चार वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की आपलं काहीतरी चुकलंय. त्याऐवजी काय म्हणायला हवं होतं, ते या वाक्यांत कुठेच नसतं.

माँटेसरी पद्धतीच्या शाळांत म्हणूनच वागण्याबोलण्याचे छोटे छोटे पाठ असतात आणि ते कुणाची चूक झाल्यावर घेतले जात नाहीत. बाई दोनचार मुलांना जवळ बोलावतात आणि नाटकासारखं करून दाखवतात. दोघं बोलत असताना मध्येच काही सांगायचं असेल तर काय करायचं? बाईंच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून थांबायचं. वाटेत कुणी उभं असेल तर काय म्हणायचं? दुसऱ्याचं काम बघावंसं वाटलं तर कसं विचारायचं? मग मुलं आळीपाळीने ते करून बघतात. भांडण पेटलेलं असताना दिलेला उपदेश डोक्यात शिरत नाही, हे मोठ्यांनाही स्वतःच्या अनुभवावरून माहीत असतं. मुलांच्या बाबतीत मात्र नेमका तोच मुहूर्त साधला जातो.

हा विचार आपल्याकडे पोचला त्यालाही आता शंभर वर्षं झाली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या माणसाला गुजरातने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असं नाव दिलं. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं आणि 1945 मध्ये बोर्डीला मुक्काम हलवून पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं केलं. या माणसांचा मुलांवर अपार विश्वास होता, पण मुलं म्हणजे देवाघरची फुलं अशी भाबडी समजूत नव्हती. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला प्रयोगवेडा मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि सपशेल आपटतो. कुणी आवाज काढतं, कुणी टाळी वाजवतं, वर्गभर हशा पिकतो. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि तीच मुलं कान टवकारून बसतात. मुलांना आधी आपलं ऐकावंसं वाटलं पाहिजे, हे गिजुभाईंनी त्या फजितीतूनच सांगून टाकलं आहे.

पण मुळात एवढ्याशा मुलाला दुसऱ्याच्या मनातलं कळतं तरी किती?

बरंच कळतं, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. 1997 मध्ये बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक या दोघींनी कॅलिफोर्नियात एक मजेदार प्रयोग केला. मुलांपुढे दोन वाडगे ठेवले, एकात खारी बिस्किटं आणि दुसऱ्यात कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं आवडली. मग प्रयोग करणाऱ्या बाईंनी मुलांदेखत ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली, बिस्किटाला नाक मुरडलं आणि हात पुढे करून ‘मला थोडं दे’ म्हटलं. 14 महिन्यांच्या मुलांनी त्यांना बिस्किटं दिली, कारण जे मला आवडतं तेच जगाला आवडतं. 18 महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. चार महिन्यांच्या फरकात केवढी मजल! 2006 मध्ये जर्मनीतल्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी दाखवलं की अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि तो ती घ्यायला धडपडू लागला, तर 18 महिन्यांची मुलं कुणी न सांगता दुडुदुडु जाऊन ती उचलून देतात.

मदतीची ऊर्मी अशी आधी येते. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी माहिती, वेगळा समज असू शकतो हे कळायला मात्र साधारण चार वर्षं लागतात. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांचा 1983 चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. मॅक्सी नावाचा मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं ठामपणे नवं कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीलाही माहीत असणारच!

लिफ्टमध्ये खणखणीत आवाजात ‘बाबा, या काकांना केस का नाहीत?’ असं विचारणारं मूल उद्धट नसतं. त्याला दिसलेली गोष्ट त्याने सांगितली. ती काकांनाही ऐकू जाते आणि ऐकून त्यांना काहीतरी वाटतं, ही साखळी अजून त्याच्या डोक्यात जुळलेली नसते. ती जुळायला लागली की चित्र झपाट्याने पालटतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी 2002 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना एका माणसाचा फोटो काढायला लावला. त्याच्या नाकावर मुद्दाम लाल डाग लावलेला होता. ‘मी ठीक दिसतोय ना?’ असं त्याने विचारल्यावर बहुतेक मुलांनी ‘हो’ म्हटलं आणि तो गेल्यावर डाग आपण पाहिल्याचं दुसऱ्याला सांगितलंही. समोरच्याचं मन राखण्यासाठी खोटं बोलणं हाही शिकण्यातला एक टप्पा आहे. सत्याचा आग्रह धरणाऱ्या घरांना हे जरा अवघड जाईल.

आता तयार शब्दांकडे वळू. पाहुणे खाऊ देतात, मूल तो मुठीत घट्ट धरतं आणि आई म्हणते, ‘काय म्हणायचं काकूंना?’ मूल पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटतं, ‘थँक्यू.’ ही आपल्या दिवाणखान्यातली रोजची नाट्यछटा अमेरिकेत जीन बर्को ग्लीसन यांनी टेपरेकॉर्डर लावून अभ्यासली. हॅलोविनच्या रात्री मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन घरोघरी गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. ग्लीसन आणि सँड्रा वाइनट्रॉब यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की सगळ्यांत धाकटी मुलं नुसती पिशवी पुढे करून उभी राहतात, जरा मोठी झाली की ठरलेलं मागणीचं वाक्य म्हणतात आणि मागणी, आभार आणि निरोप हा सगळा क्रम बिनचूक पार पाडायला दहाएक वर्षांचं व्हावं लागतं. मागे उभे असलेले आईबाप सतत ‘हे म्हण, ते म्हण’ असं कुजबुजत असतात. त्या वाक्याचा अर्थ मुलाला कुणीही समजावत नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळी हातात हलव्याचा डबा घेऊन दारोदार ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत फिरणारी आपली पोरं याहून वेगळी नसतात. तोंडाने गोड बोला, डोळे समोरच्या ताटातल्या लाडवावर. त्यात वाईट काही नाही. आधी वाक्य तोंडी बसतं, अर्थ मागून सावकाश येतो. पाढ्यांचंही तसंच असतं. अडचण होते ती वाक्य बसलं म्हणजे काम झालं असं मोठ्यांना वाटतं तेव्हा. ग्लीसन यांनीच एस्थर ग्रीफ यांच्याबरोबर केलेल्या 1980 च्या अभ्यासात मुलांना भेटवस्तू देऊन काय होतं ते पाहिलं. ‘थँक्यू’ आपणहून म्हणणारी मुलं फारच थोडी निघाली, आणि पालकांनी सर्वांत जास्त टोकलं तेही याच शब्दावरून. स्वतः आभार मानण्यात वडील आयांच्या बरेच मागे होते.

‘सॉरी’ची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. धाकट्याने मनोरा पाडला, थोरलीने धपाटा घातला, आई मध्ये पडली आणि दोघांना समोरासमोर उभं करून म्हणाली, ‘सॉरी म्हण. नीट म्हण. त्याच्याकडे बघून म्हण.’ तिसऱ्यांदा निघालेल्या त्या ‘सॉरी’त चौथ्या भांडणाची तयारी स्पष्ट ऐकू येते. मुलांना हे कळत नाही असं समजायचं कारण नाही. क्रेग स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये चार ते नऊ वर्षांच्या मुलांना आपणहून मागितलेली आणि जबरदस्तीने वदवून घेतलेली माफी गोष्टींमधून ऐकवली. मनाविरुद्ध काढलेल्या माफीने समोरच्याला बरं वाटणार नाही, हे विशेषतः सात-आठ वर्षांपुढच्या मुलांनी बरोबर ओळखलं. मरिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल यांच्या व्हर्जिनियातल्या प्रयोगात सहा-सात वर्षांच्या मुलांनी प्लास्टिकच्या पेल्यांचा रचलेला मनोरा दुसऱ्या कुणीतरी पाडला. काहींना नुसती माफी मिळाली. काहींच्या बाबतीत पाडणाऱ्याने तो पुन्हा रचायला हात लावला. मनाची दुखापत खरी कमी झाली ती या दुसऱ्या गटात.

म्हणजे माफी शिकवूच नये का? शिकवावी. पण ‘सॉरी म्हण’च्या ऐवजी ‘त्याचा मनोरा पडला. आता तू काय करू शकतेस?’ हा प्रश्न जास्त कामाचा. त्याला वेळ लागतो, आणि शाळेची बस पाच मिनिटांत येणार असेल तर तो कुणी विचारत नाही, हेही खरं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी 1960 च्या दशकापासून पालकांच्या शिस्तीच्या तऱ्हांची जी वर्गवारी केली, ती वाचताना आपलंच घर दिसायला लागतं. पहिली तऱ्हा धाकाची: ‘पुन्हा बोललास तर बघ.’ दुसरी माया आवरून घेण्याची: ‘जा, मी बोलणारच नाही तुझ्याशी.’ तिसरी, आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला ते दाखवण्याची: ‘तू तिला जाडी म्हणालास ना, बघ, ती खेळ सोडून कोपऱ्यात जाऊन बसली.’ दुसऱ्याबद्दलची कणव या तिसऱ्या वाटेने वाढते असं हॉफमन यांचं म्हणणं, आणि नंतरच्या पुष्कळ अभ्यासांनी ते उचलून धरलं. त्यातला एक बारकावा मात्र अनेकदा निसटतो. कॅरोलिन झान-वॅक्सलर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आयांना घरातले प्रसंग नऊ महिने टिपून ठेवायला सांगितले होते. ज्या आया मुलाने कुणाला दुखावल्यावर मनापासून, आवाजात कळकळ आणून ‘बघ, तिला लागलं!’ म्हणत, त्यांची मुलं पुढे जाऊन सांत्वन करायची, चूक भरून काढायची शक्यता जास्त दिसली. थंड, कोरड्या सुरातल्या समजावणीचा फारसा उपयोग झाला नव्हता. पुस्तकं वाचून शांत पालकत्वाचा वसा घेतलेल्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

जपानी आया हेच काम फार बारकाईने करतात. पॅट्रिशिया क्लॅन्सी यांनी 1980 च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांशी होणारी त्यांची बोलणी नोंदवली. समोरचा माणूस तोंडाने काही म्हणत नसतानाही ‘ताईला पण थोडं हवंय असं दिसतंय’ अशा तऱ्हेची वाक्यं त्या मुलाच्या कानावर घालतात. न बोललेलं ऐकायची सवय अशी लहानपणीच लागते.

त्यासाठी घरात मनाबद्दल बोलणं व्हावं लागतं. जूडी डन आणि सहकाऱ्यांना 1991 च्या अभ्यासात आढळलं की ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलाशी भावनांबद्दल जास्त बोललं जात होतं, तिथली मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या भावना जास्त अचूक ओळखत होती. मराठीत याची शिदोरी मोठी आहे. मूल रुसतं, फुरंगटतं, हिरमुसतं, खट्टू होतं, ओशाळतं, बावरतं, भेदरतं, वैतागतं. बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र तीन-चार पिवळे चेहरे असतात: हॅपी, सॅड, अँग्री. शेजारची सई आज ‘सॅड’ आहे म्हणण्यापेक्षा ‘तिला झोक्यावर घेतलं नाही म्हणून हिरमुसली’ असं म्हटलं की कारण आणि उपाय दोन्ही त्याच वाक्यात हाती लागतात. आजी-आजोबा ज्या घरात आहेत तिथे हे शब्द अजून वापरात आहेत.

कॅनडात मेरी गॉर्डन यांनी 1996 मध्ये टोरोंटोला सुरू केलेल्या ‘रूट्स ऑफ एम्पथी’ या उपक्रमात तर गुरूच तान्हं बाळ असतं. वस्तीतली एखादी आई किंवा बाप आपल्या बाळाला घेऊन वर्षभर दर काही आठवड्यांनी वर्गात येतो. हिरव्या चादरीवर बाळाला ठेवायचं आणि मुलांनी भोवती बसून ओळखायचं: ते का रडतंय, कशाने दचकलं, त्याला आत्ता काय हवंय? बाळ बोलत नाही, त्यामुळे अंदाज बांधावाच लागतो. या वर्गांमधली मारामारी आणि दादागिरी कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मुलांच्या जगातलं सर्वांत बोचरं वाक्य मात्र शिवीचं नसतं. ते असतं, ‘तू नाही खेळायचं आमच्यात.’

शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, म्हणजे विद्यापीठाने चालवलेल्या शाळेत, व्हिव्हियन गसिन पेली यांनी वर्षानुवर्षं बालवर्गाला शिकवलं. साठीला आल्यावर त्यांना जाणवलं की हे वाक्य आपण रोज ऐकतो आणि सोडून देतो. दरवर्षी काही थोडी मुलं जणू वर्गाचे मालक होऊन बसतात, कुणाला घ्यायचं ते ठरवतात, आणि नाकारली जाणारी मुलंही दरवेळी तीच ती असतात. त्यांनी एक नियम योजला: ‘तू खेळायचं नाहीस’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. तो लगेच लागू केला नाही, हे त्यांचं खरं शहाणपण. आधी आपल्या पाच वर्षांच्या मुलांशी त्यावर बरीच चर्चा केली. एका मुलीने सरळ विचारलं की असं असेल तर मग खेळण्यात अर्थ काय राहिला? मग पेली पहिली ते पाचवीच्या वर्गांत गेल्या आणि मोठ्या मुलांचं मत विचारलं. बहुतेकांनी सांगितलं की नियम न्याय्य आहे, पण चालणार नाही. काहींनी सुचवलं की सुरुवात अगदी लहानांपासून करा, आम्हाला आता उशीर झालाय. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी आपल्या पिढीबद्दल असं म्हणावं!

नियम लागू झाला तेव्हा त्याची सर्वांत मोठी कसोटी त्या मालक मुलांनीच पाहिली. पण बाकीच्यांनी तो चटकन आपलासा केला. खेळात घ्यायचं की नाही हा प्रश्नच मिटल्यावर कुणी काय व्हायचं यावर बोलणी सुरू झाली आणि नेहमी कुत्रा होणाऱ्याला कधी राजा होता येऊ लागलं. 1992 मध्ये पेली यांनी याचं पुस्तक केलं. पुढे 2003 मध्ये अमांडा हॅरिस्ट आणि डेनीस ब्रॅडली यांनी हाच नियम इतर बालवर्गांत राबवून मोजमाप केलं. मुलं एकमेकांबरोबर खेळायला जास्त राजी झाली, पण त्याच मुलांनी आपल्याला वर्गात बरं वाटत नाही अशी कुरबूरही जास्त केली. नाकारलं जाणं ही एरवी सवयीने गिळलेली गोष्ट उघड बोलायला मिळाल्यावर हे होणारच, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

आपल्या चाळींना आणि वाड्यांना या प्रश्नाचं एक उत्तर फार पूर्वीच सापडलं होतं, तेही कुठल्याही बाईंच्या मदतीशिवाय. कच्चा लिंबू! लपंडाव असो की डबा ऐसपैस, कुणाच्या तरी शेपटासारखा आलेला धाकटा भाऊ हमखास असायचा. त्याला ‘तू नाही खेळायचं’ म्हणायची सोय नाही, कारण मग ताईलाही घरी जावं लागणार. मग त्याला कच्चा लिंबू करायचं. तो पळेल, लपेल, ओरडेल, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. खेळाची रंगत टिकते आणि बारका आपण खेळलो म्हणून खूश. मोठ्यांनी शिकवलेली दया यात नाही, मुलांनीच काढलेली तडजोड आहे. अशा तडजोडीला लागणारी वेगवेगळ्या वयांची टोळी आणि तासभराचा मोकळा वेळ, दोन्ही आता सोसायटीच्या आवारात कमी झालं आहे. ज्या खेळात प्रशिक्षक, शिट्टी आणि फी असते त्यात कच्चा लिंबू बसत नाही.

या सगळ्या शिकवण्यावर पाणी फिरवायची ताकद एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे मुलाच्या कानावर दिवसभर पडणारी मोठ्यांची भाषा. अल्बर्ट बांडुरा यांचा 1961 चा बाहुल्याचा प्रयोग सगळ्यांना मारहाणीसाठी आठवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं, हवा भरलेला एक मोठा बाहुला आणि त्याला बडवणारा एक प्रौढ. पण त्या प्रौढाने मारताना काही ठरावीक वाक्यंही म्हटली होती, आणि ते पाहिलेल्या मुलांपैकी पुष्कळांनी नंतर ती वाक्यं जशीच्या तशी उच्चारली. मुलांनी कृती उचलली तसे शब्दही उचलले.

मराठी मध्यमवर्गीय घरातलं मूल कामवाल्या बाईंना ‘मावशी’ म्हणतं, फाटकावरच्या माणसाला ‘वॉचमन काका’ म्हणतं, आणि ते ऐकून आईबापांना बरं वाटतं. पण नातं लावलं तरी पुढचं क्रियापद काय येतं ते ऐकावं. ‘मावशी, पाणी आण.’ आजीच्या वयाच्या बाईला पाच वर्षांच्या मुलाने असं फर्मावणं त्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. ते त्याने ऐकलेलं असतं. फोनवर जेवण उशिरा आणणाऱ्या पोराला बाबा काय म्हणाले, सिग्नलला आडव्या आलेल्या रिक्षावाल्याचा कसा उद्धार झाला, हे मागच्या सीटवर बसलेलं मूल नीट नोंदवून ठेवत असतं. कुणाशी गोड बोलायचं आणि कुणाशी नाही बोललं तरी चालतं, याची एक यादी त्याच्याकडे पहिलीत जायच्या आधीच तयार होते.

साने गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीची लाकडाची मोळी पडते आणि उचलून द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते. गावात कोण काय म्हणेल हे तिलाही कळत होतं. दया हा गुण ज्यांच्याशी ती दाखवायची प्रथा नाही त्यांच्यापासूनच शिकवायला सुरुवात केली, हे त्या पुस्तकाच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या ख्यातीखाली जरा झाकून गेलं आहे.

आणि मुलांशी मोठे कसे बोलतात? ‘मठ्ठ’, ‘ढ’, ‘डोकं आहे की खोकं?’ 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली. घराला हे कलम लागू नाही. थोरल्याला मिळालेली ‘मठ्ठ’ ही पदवी संध्याकाळपर्यंत धाकट्याला बहाल झालेली असते, अगदी त्याच सुरात.

मुलांना गोड बोलायला लावायचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे लालूच. ‘आत्याशी छान बोललीस तर चॉकलेट.’ वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर हेही करून पाहिलं. मदत केल्यावर ज्यांना खेळणं मिळत गेलं, त्यांनी पुढे बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत केली. जे फुकट मिळत होतं त्याला उगाच भाव लावला गेला.

शेवटी राहतो नकार. गोड बोलायला शिकवण्याच्या भरात पुष्कळ मुलांना, त्यातही मुलींना, ‘नाही’ म्हणणंच वाईट असं वाटायला लागतं. पाहुण्यांच्या मांडीवर बसायचं नसेल, गालगुच्चा नको असेल, तर तसं सांगता येणं हाही बोलण्याच्या शिकवणीचाच भाग आहे. ‘मला नाही आवडत, नका करू’ हे वाक्य सौम्य आहे आणि पुरेसं स्पष्टही. खेळण्यांच्या बाबतीत याचा भाऊ म्हणजे ‘माझं झालं की देतो.’ तीन-चार वर्षांच्या मुलाला ते सहज पाठ होतं आणि ते खरं करूनही दाखवता येतं. कॉर्नेल विद्यापीठात नादिया चेर्न्याक आणि तामार कुशनिर यांनी 2013 मध्ये दाखवलं की दुःखी बाहुल्याला आपलं स्टिकर द्यायचं की ठेवायचं हे ज्यांना स्वतः ठरवू दिलं, त्या मुलांनी पुढच्या खेपेला जास्त वाटून दिलं. ज्यांना द्यायलाच लावलं ती मुलं मागे राहिली.

घरी हे जमवायचं तर थोरल्याचं ‘माझं झालं की देतो’ मोठ्यांनी मान्य करावं लागतं, आणि तोवर धाकट्याने काढलेला गळा ऐकून घ्यावा लागतो. मुलांना ती पाच मिनिटं जमतात. सोसत नाहीत ती सोफ्यावर बसलेल्यांना, आणि त्यातलं कुणीतरी वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणतंच, ‘अरे दे ना त्याला, तू मोठा ना?’